पॅनडॉक : आत्याच्या गाण्यांच्या ओळी सांभाळून नेणारे साधन

मराठी मजकुराच्या साध्या टेक्स्ट फायली वर्ड, पीडीएफ किंवा ई-पुस्तकात नेण्याचे काम ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. पॅनडॉक हे मोफत मिळणारे रूपांतराचे साधन मी गेले आठ महिने वापरत आहे. ते कोठे कामी येते, कोठे अडते आणि त्याच्याकडे मजकूर देण्यापूर्वी आपण काय करून ठेवावे लागते, हे मी एका पुस्तकाच्या आधाराने सांगणार आहे, कारण दोन-चार परिच्छेदांची नमुना फाइल घेतली तर कोणतेही साधन चांगलेच वाटते.

पुस्तक माझ्या आत्याचे आहे. नागपुरात महाल भागात राहणाऱ्या आत्याने काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि उमरेडकडच्या गावांमधून भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या ऐकून वह्यांमध्ये उतरवल्या. त्या वह्या घरातल्या पाच जणांनी, ज्याला जसे जमेल तसे, वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या संगणकांवर टाइप केल्या. माझ्या हाती आल्या त्या ६३ टेक्स्ट फायली. आत्याची लिहिण्याची शिस्त मात्र पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत एकच आहे. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. एखादी ओवी तिला नंतर शंकास्पद वाटली तर ती खोडली आहे, पण तिचा क्रमांक दुसऱ्या ओवीला दिलेला नाही, तो रिकामाच ठेवला आहे. जी ओवी तिने स्वतः ऐकलेली नाही, कोणाकडून तरी लिहून आलेली आहे, तिच्यापुढे एक तारा आहे. आणि गाण्याचे पालुपद नेहमी चार बोटे आत सरकवून लिहिलेले आहे. या चारही गोष्टींना अर्थ आहे आणि पुस्तकात त्या तशाच यायला हव्यात, एवढीच तिची अट होती. मी गेली वीस वर्षे मुद्रितशोधन करते, त्यामुळे ही अट मला अवघड वाटली नाही. ती अवघड का होती, हे मला नंतर कळले.

पहिला प्रयत्न सीताबर्डीवरच्या एका संगणक केंद्रात झाला. तेथील मुलाने फायली एका जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतल्या, पानांची मांडणी केली आणि पीडीएफ दिली. कागदावर ती पाने छान दिसत होती. परंतु दुरुस्तीसाठी त्या पीडीएफमधला मजकूर उचलून पाहिला तर हाती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गुंता आला. या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेले असते रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये, उदाहरणार्थ, रोमन एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी बसवलेली आहे आणि ती अक्षराच्या आधी टाइप करावी लागते. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, मात्र आधी व्यंजन आणि मग वेलांटी असा क्रम आहे. म्हणजे अशा फाइलमधून परत यायचे तर नुसती अक्षरांची अदलाबदल करून भागत नाही, वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी न्यावे लागतात. ज्यांची फाइल आधीच युनिकोडमध्ये आहे, त्यांनी ती जुन्या फॉन्टात कोणालाही नेऊ देऊ नये, असे मी अगदी कळकळीने सांगते.

दुसरा प्रयत्न इंटरनेटवरच्या एका फुकट रूपांतर करून देणाऱ्या सेवेचा. फाइल चढवायची, वर्डची फाइल उतरवून घ्यायची, एवढेच काम. तेथे एक वेगळेच नुकसान झाले, आणि मी मुद्रितशोधक नसते तर ते बहुधा माझ्या लक्षातही आले नसते. आत्याच्या एका टिपणात लग्नघरच्या स्वयंपाकाचे वर्णन आहे आणि त्यात ‘आचाऱ्यांना’ हा शब्द आहे. उतरवलेल्या फाइलमध्ये तो ‘आचार्यांना’ असा झाला होता. त्याच फाइलमध्ये ‘दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘दर्या’ झाला होता. कारण असे की मराठीतला हा आडवा, पापणीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरला जातो, तर दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह असते. या चिन्हाला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. ते पडद्यावर दिसत नाही, म्हणून काही साधने ते कचरा समजून गाळून टाकतात, आणि ते गळले की पापणीचा र जाऊन रफार येतो. शब्द तरीही शुद्ध मराठीच राहतो, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणाली त्याखाली लाल रेघ ओढत नाही.

यानंतर मी पॅनडॉककडे वळले. हे साधन जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिलेले आहे. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. पहिली आवृत्ती २००६ साली आली आणि आजही त्यात सतत भर पडत असते. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, पैसे पडत नाहीत आणि मजकूर आपल्याच संगणकावर राहतो, तो कोणाच्या सर्व्हरवर चढवावा लागत नाही. आत्याच्या वह्यांत गावांची आणि गाणाऱ्या बायकांची नावे असल्यामुळे ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पॅनडॉकला खिडक्या आणि बटणे नाहीत, आज्ञा टाइप करून द्यावी लागते. हे ऐकून अनेक जण मागे फिरतात. पण एकदा आज्ञा जमली की तीच ६३ फायलींना लागू करता येते, आणि आज केलेले रूपांतर उद्या हुबेहूब तसेच पुन्हा करता येते.

आता अडचणींकडे येते. पहिली अडचण अक्षरांच्या साठवणुकीची, आणि ती पॅनडॉकची नसून फायलींची आहे. पॅनडॉकला फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत साठवलेली हवी असते. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘नागपूर’ हा शब्द घ्या. न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हे, म्हणून अठरा बाइट. तीच फाइल एखाद्या प्रणालीने जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजून उघडली की प्रत्येक बाइट वेगळे अक्षर ठरते आणि सहाच्या जागी अठरा चिन्हे उमटतात. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए सहा वेळा दिसतो. पाच ठिकाणी त्याच्यामागे चार शेपट्यांचे छोटे वर्तुळ येते आणि दीर्घ उकाराच्या ठिकाणी जपानी येनचे चिन्ह येते. असे दिसले तर घाबरू नये, मजकूर शाबूत असतो, केवळ चुकीच्या पद्धतीने वाचला गेलेला असतो, आणि योग्य पद्धत निवडून फाइल पुन्हा उघडली की सारे परत मिळते. मात्र अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर मजकूर गेलेला असतो. जुन्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘अँसी’ हा पर्याय तसाच राहिला की देवनागरीचे नेमके हेच होत असे. आमच्या दोन फायली अशा गेल्या होत्या आणि त्या वहीवरून पुन्हा टाइप कराव्या लागल्या.

याच जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ या नावाने जो पर्याय होता, तो यूटीएफ-१६ या वेगळ्याच साठवण पद्धतीचा होता. ते नाव पाहून माझ्या चुलतभावाने अकरा फायली मोठ्या विश्वासाने त्यातच जतन केल्या होत्या. पॅनडॉक त्या नीट वाचू शकत नाही, आणि फाइल यूटीएफ-८ नसल्याचा इशारा देतो. नोटपॅड प्लस प्लस या संपादकात त्या उघडून यूटीएफ-८ मध्ये बदलल्या की प्रश्न सुटतो, प्रत्येक फाइलला अर्धा मिनिट पुरतो. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्येच जतन करते, त्यामुळे नव्या फायलींना ही बाधा सहसा होत नाही.

दुसरी अडचण ओळींची, आणि माझ्या मते साध्या मजकुराच्या रूपांतरातली हीच खरी अडचण आहे. टेक्स्ट फाइलमध्ये ओळ तोडण्याचे चिन्ह एकच असते, पण लिहिणाऱ्याच्या मनात त्याचे अर्थ दोन असतात. आत्याची गद्य टिपणे माझ्या वहिनीने टाइप केली, तेव्हा पडद्याची कड आली की ती एंटर दाबत असे. तेथे ओळ तुटली ती निव्वळ जागा संपली म्हणून. ओवीत ओळ तुटते ती चरण संपला म्हणून. फाइलमध्ये या दोन्ही ठिकाणी तेच एक चिन्ह आहे. अशी फाइल थेट वर्डमध्ये उघडली तर प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद बनते, म्हणजे ओव्या वाचतात आणि गद्याचे तुकडे होतात. पॅनडॉकचे याच्या उलट आहे. तो टेक्स्ट फाइल मार्कडाउन या लेखनपद्धतीने वाचतो, आणि त्या पद्धतीत लागोपाठच्या ओळी एकाच परिच्छेदाच्या मानल्या जातात. परिच्छेद बदलायचा असेल तर मध्ये एक ओळ कोरी सोडावी लागते. त्यामुळे वहिनीची तुटक टिपणे पहिल्याच फटक्यात सलग, नीटनेटक्या परिच्छेदांत आली. ते पाहून मला जो आनंद झाला, तो पुढचे पान उघडेपर्यंत टिकला. पुढच्या पानावर ओवीचे चारही चरण एका ओळीत सलग पडलेले होते.

पॅनडॉकमध्ये प्रत्येक ओळतोड जशीच्या तशी राखण्याचा एक पर्याय आहे. तो चालू केला की ओव्या जागच्या जागी येतात आणि गद्य पुन्हा तुटते. म्हणून एका फाइलमध्ये गद्य आणि पद्य दोन्ही असतील तर हा पर्याय उपयोगाचा नाही. उपयोगाची आहे ती ‘लाइन ब्लॉक’ नावाची सोय. ज्या ओळी राखायच्या त्यांच्या सुरुवातीला एक उभी रेघ आणि एक रिकामी जागा द्यायची. अशा ओळी पॅनडॉक जोडत नाही, आणि रेघेनंतर जितकी जागा सोडलेली असेल तितकीही राखतो. आत सरकवलेले पालुपद पुस्तकात आत सरकलेलेच आले, ते यामुळे. काव्य, अभंग, आरत्या, नाटकातली पदे, पत्ते किंवा निमंत्रणपत्रिकेवरची नावे ज्यांना रूपांतरित करायची आहेत, त्यांच्यासाठी ही एक सोय पुरेशी आहे, असे मी म्हणेन. शेकडो ओळींपुढे ही रेघ हाताने द्यावी लागत नाही. संपादकातल्या ‘शोधा आणि बदला’मध्ये ओळीची सुरुवात शोधून तेथे रेघ घालता येते. कोणता भाग गद्य आणि कोणता पद्य, हे मात्र आपणच डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते. मला त्याला तीन दुपारी लागल्या. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडता येतच नाही, त्यामुळे कूलरसमोर बसून ते काम निगुतीने झाले.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ जण दंड म्हणून कळफलकावरची हीच उभी रेघ टाइप करतात आणि दोन दंडांसाठी ती दोनदा देतात. देवनागरीचा दंड आणि दुहेरी दंड ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. मी रूपांतरापूर्वीच ओळींच्या शेवटच्या सर्व उभ्या रेघा खऱ्या दंडांत बदलून घेतल्या, म्हणजे ओळीच्या आरंभीची रेघ ही खूण आणि शेवटचा दंड हे लेखन, यांत घोटाळा उरला नाही. हे काम रेघा घालण्याच्या आधी करावे. नंतर केले तर खुणांच्या रेघाही दंड बनतात.

क्रमांकांच्या बाबतीत पॅनडॉकने मला सर्वांत मोठा धक्का दिला. इंग्रजी अंक आणि त्यापुढे टिंब अशी ओळ सुरू झाली की तो तिला क्रमवार यादी समजतो. यादीतला पहिला क्रमांक तो पाळतो, पुढचे मात्र स्वतः मोजतो. आत्याच्या एका वहीत १७, १८ आणि २० आहेत, कारण एकोणिसावी ओवी तिने खोडली आहे. वर्डच्या फाइलमध्ये ते १७, १८, १९ झाले आणि त्या ठिकाणापासून पुढची सगळी ओवीसूची चुकली. हे मार्कडाउनच्या नियमानुसारच घडते, त्यामुळे याला बिघाड म्हणता येणार नाही. परंतु सभेच्या इतिवृत्तातले ठराव, कायद्यातली कलमे, जमिनीचे गट क्रमांक असला मजकूर ज्यांच्याकडे असेल, त्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे. उपाय सोपा आहे आणि तो मराठीच्या सोयीचा आहे. देवनागरी अंकांनी सुरू होणारी ओळ पॅनडॉक यादी समजत नाही, साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवतो. मी सर्व क्रमांक देवनागरीत बदलले आणि एकोणिसाव्या ओवीची रिकामी जागा परत मिळाली. ज्यांना इंग्रजी अंकच ठेवायचे आहेत, त्यांनी टिंबापूर्वी एक उलटी तिरपी रेघ द्यावी.

तारांकित ओव्यांचेही असेच झाले होते. ओळीच्या सुरुवातीचा तारा आणि त्यापुढची रिकामी जागा म्हणजे ठिपक्यांची यादी, असा मार्कडाउनचा संकेत आहे, म्हणून ताऱ्याच्या जागी काळा ठिपका आला. लाइन ब्लॉकच्या आत हा संकेत लागू होत नाही, त्यामुळे ओळींना रेघ दिल्यावर तारे आपोआप परतले.

परिच्छेदाच्या आरंभी चार-पाच वेळा स्पेसबार दाबण्याची सवय आपल्याकडे टंकलेखन यंत्राच्या काळापासून आहे. मार्कडाउनमध्ये कोऱ्या ओळीनंतर चार किंवा अधिक जागा सोडून लिहिलेला मजकूर संगणकाची आज्ञावली समजला जातो. माझ्या काकांनी टाइप केलेली संपूर्ण प्रस्तावना त्यामुळे समान रुंदीच्या बारीक अक्षरांत आली, आणि तिच्या ओळी पानाच्या कडेबाहेर गेल्या. गद्य परिच्छेदांच्या आरंभीच्या सर्व जागा आधी काढून टाकाव्यात. पहिली ओळ आत घेण्याचे काम वर्डच्या शैलीत एकदाच सांगता येते.

वर्डच्या फाइलबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या गटात धरतो, आणि या गटाचा फॉन्ट, आकार व ठळकपणा रोमन लिपीच्या फॉन्टपासून वेगळा साठवलेला असतो. पॅनडॉकला आपली एक नमुना फाइल देता येते आणि तिच्यातल्या शैली तो सर्व रूपांतरांना लावतो. ही सोय उत्तम आहे. पण त्या नमुन्यात फॉन्ट बदलताना रोमनचाच बदलला तर मराठी मजकुरावर काहीही परिणाम होत नाही आणि आपण साधनाला दोष देत बसतो. फॉन्टच्या चौकटीत खालच्या भागात कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची वेगळी रकाना-जागा असते, मराठीचा फॉन्ट आणि आकार तेथे द्यावा. वर्डसारखेच काम करणाऱ्या लिब्रेऑफिस या मोफत प्रणालीतही हाच भेद आहे आणि तेथे भाषेच्या सेटिंगमध्ये तो आधी चालू करून घ्यावा लागतो.

पीडीएफ हा पॅनडॉकचा सर्वांत कष्टाचा भाग आहे. तो स्वतः पीडीएफ बनवत नाही, दुसऱ्या प्रणालीकडून बनवून घेतो. लाटेक ही पाने मांडून देणारी प्रणाली आहे, आणि न सांगता तो तिच्या ज्या यंत्रणेकडे जातो, तिला देवनागरी झेपत नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक या तिच्या दुसऱ्या यंत्रणांपैकी एक निवडावी लागते, देवनागरीचा फॉन्ट नावाने सांगावा लागतो, आणि लिपी देवनागरी आहे हेही वेगळे सांगावे लागते. हे शेवटचे राहिले तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांट्या भलत्याच जागी उमटतात. मी नोटो सेरिफ देवनागरी वापरला आणि निकाल सुंदर आला, परंतु लाटेक बसवणे, त्याच्या त्रुटींचे इंग्रजी संदेश वाचणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे सर्वांना जमेल असे नाही. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी पॅनडॉकने वर्डची किंवा लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल करून घ्यावी आणि पीडीएफ लिब्रेऑफिसमधून काढावी. अंतिम प्रत मीही त्याच मार्गाने काढली. उलट दिशेचे काम, म्हणजे पीडीएफमधून मजकूर काढणे, पॅनडॉक करतच नाही. सीताबर्डीच्या त्या पीडीएफसाठी त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र मला तक्रारीला जागा दिसली नाही. पहिल्या पातळीच्या शीर्षकाला तो नवे प्रकरण सुरू करतो आणि अनुक्रमणिका स्वतः बांधतो. मजकुराची भाषा मराठी आहे, हे आरंभी सांगायला विसरू नये. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे दिलेली असतात, पण भाषा सांगितलेली नसेल तर हिंदी वळणेच उमटतात. मराठी पुस्तकात मराठी वळणाचा ल दिसावा, ही माझी फार जुनी आस आहे, आणि एका ओळीच्या सूचनेने ती येथे पुरी झाली.

लिब्रेऑफिसशी तुलना करायची तर, एखाद-दुसरीच फाइल असेल आणि ती डोळ्यांसमोर ठेवून नीट करायची असेल तर लिब्रेऑफिसच सोपे आहे. टेक्स्ट फाइल उघडताना साठवणुकीची पद्धत निवडण्याची चौकट त्यात मिळते, त्यामुळे अठरा चिन्हांचा ‘नागपूर’ तेथेच सरळ होतो. परंतु पन्नास फायली एकाच शिस्तीने न्यायच्या असतील, किंवा दुरुस्ती झाल्यावर वर्ड, पीडीएफ आणि ई-पुस्तक या तिन्ही प्रती पुन्हा काढायच्या असतील, तर पॅनडॉकला पर्याय नाही. आत्याने दुरुस्त्या सुचवल्या त्या मी टेक्स्ट फाइलमध्येच केल्या आणि सगळ्या प्रती पाच मिनिटांत नव्याने काढल्या. वर्डमध्ये दुरुस्ती केली असती तर तीच दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागली असती.

तपासणीसाठी मी जी रीत ठेवली ती सांगते. तयार झालेली वर्डची फाइल पॅनडॉकनेच परत साध्या मजकुरात आणायची आणि मूळ फाइलशी जुळवून पाहायची. तसे करताना ओळी न मोडण्याचा पर्याय द्यावा, कारण एरवी पॅनडॉक साधा मजकूर लिहिताना ७२ स्तंभांवर ओळी मोडतो आणि जुळवणीत सगळेच वेगळे दिसू लागते. या जुळवणीत अवतरणचिन्हे वळणदार झालेली आणि तीन टिंबांचे एकच चिन्ह झालेले दिसेल. हे पॅनडॉक मुद्दाम करतो, आणि नको असेल तर ते बंद करता येते. न दिसणारे जोडचिन्ह मात्र त्याने एकाही ठिकाणी गाळले नव्हते. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द मी प्रत्येक प्रतीत शोधून पाहिला, आणि तो सर्वत्र जसा असायला हवा तसाच सापडला.

पाचपैकी किती गुण द्यावेत असे विचाराल, तर वर्ड आणि ई-पुस्तकासाठी मी पॅनडॉकला साडेचार देईन, पीडीएफसाठी तीन. माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. मराठीत कोणी तिचा निदान ओळी, याद्या आणि फॉन्ट यांच्यापुरता भाग लिहून काढला, तर नागपूरसारख्या शहरातल्या लहान प्रकाशकांचे, वाचनालयांचे आणि संशोधकांचे मोठे काम होईल. मी माझ्या टिपणांतून तशी सुरुवात केली आहे.

इतवारीतल्या छापखान्यात प्रत देण्यापूर्वी मी पुस्तकाची छापील पाने घेऊन आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून आधी ओव्या वाचल्या नाहीत, तर क्रमांकांवरून बोट फिरवत गेली. अठरानंतर तिचे बोट कोऱ्या जागेवर थांबले, मग विसावर गेले, आणि तिने पान उलटले.